अदलाबदलीत दिलेली रोपं आठवड्याभरात माना का टाकतात? काय तपासायचं आणि कुठल्या क्रमाने

आमच्या सोसायटीत वर्षातून दोनदा रोपांची अदलाबदल असते, एक जुलैत पाऊस नीट लागला की आणि दुसरी डिसेंबरात. पार्किंगमध्ये दोन टेबलं मांडायची, ज्याला जे द्यायचंय ते आणून ठेवायचं, हवं ते उचलायचं, पैशांचा संबंध नाही. कोथरूडमधल्या आजूबाजूच्या सोसायट्यांतूनही लोक येतात. आणि दर वेळी पुढच्या आठवड्यात माझा फोन वाजायला लागतो, "ताई, तुमच्याकडून नेलेला मोगरा गेला हो." सुरुवातीला मी नुसतं सॉरी म्हणायचे, मग मेलेली रोपं परत मागवून मुळं धुऊन बघायला लागले, आणि आता बहुतेक वेळा फोनवर दोन प्रश्न विचारले की कळतं काय झालंय. तेच प्रश्न आणि तपासण्या इथे लिहून ठेवतेय, फुकटातल्या आधी, कटकटीच्या नंतर.

लक्षणं काय दिसतात

– दोन-तीन दिवसांत मान टाकली, माती मात्र ओलीच. आणखी पाणी घातलं तरी उठत नाही. ही सगळ्यात कॉमन तक्रार.
– दुपारी मरगळतं, संध्याकाळी परत ताठ. हे खरं तर बरं लक्षण आहे, घाबरू नका.
– खालची पानं पिवळी पडून एकेक गळतायत, शेंडा हिरवा.
– पानांच्या एकाच बाजूला करपल्यासारखे पांढरट-तपकिरी चट्टे.
– पानं हाताला चिकट लागतात, कुंडीवर मुंग्यांची रांग, पेरापेरात कापूस.
– मरतही नाही आणि वाढतही नाही, महिनाभर जसंच्या तसं.
– मातीतून बारीक चिलटं उडतात.
– बुंधा मातीलगत काळा आणि मऊ. हे दिसत असेल तर मधलं सगळं सोडा, सरळ "कधी थांबायचं" तिथे जा.

आधी बोट मातीत घाला

दोन पेरांपर्यंत. वरवर हात लावून नाही. कारण पाणी कमी पडलेलं झाड आणि पाणी जास्त झालेलं झाड लांबून अगदी सारखं दिसतं, दोघंही मान टाकतात. मातीत हवाच उरली नाही की मुळं गुदमरतात, पाणी ओढायचं बंद करतात, म्हणजे झाड पाण्यात उभं राहून तहानेने मरतं. आणि आपण काय करतो, मान टाकलेली दिसली की झारी उचलतो. अदलाबदलीतल्या रोपांवर प्रेम जरा जास्तच असतं ना, नवीन पाहुणा म्हणून सकाळ-संध्याकाळ पाणी! बोटाला गार ओल लागली तर पाणी बंद, सावलीत हवेशीर जागी ठेवा, चार दिवस हात लावू नका.

कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, वापरणाऱ्यांनी जास्त सांभाळायचं, ते वरून सुकून फिकट दिसतं आणि आत चिंब असतं. उलटही होतं, एकदा पार खडखडीत वाळलं की कोकोपीट पाणी घेतच नाही, घातलेलं पाणी कुंडीच्या कडेने खाली निघून जातं आणि आपल्याला वाटतं झालं पाणी घालून. अशी कुंडी बादलीत अर्धी बुडवून वीसेक मिनिटं ठेवायची, मग निथळू द्यायची. कुंडी उचलून वजन बघायची सवय लागली की बोटसुद्धा घालावं लागत नाही.

मग हलकंच ओढून बघा

बुंधा दोन बोटांत धरून किंचित वर ओढा, उपटायचं नाहीये. रोपाने मातीला धरून ठेवलं तर मुळं आहेत. सरकन वर आलं तर नुसती काठी खोचलेली होती. निम्म्याहून जास्त फोन इथेच संपतात, कारण खरी गडबड एकच असते. रविवारी अदलाबदल, शुक्रवारी रात्री आठवण, मग बाल्कनीतल्या जास्वंदाच्या चार फांद्या तोडायच्या, कुंडीत खोचायच्या, पाणी शिंपडायचं, झालं रोप तयार. दिसतं एकदम फ्रेश, कारण तोडलेल्या फांदीतलं पाणी दोन-तीन दिवस पुरतं. मंगळवारी मान टाकणार ती टाकणारच, ज्याने नेलं त्याची काही चूक नाही.

जास्वंद, मोगरा यांना पावसाळ्यातसुद्धा चांगली मुळं धरायला महिना-दीड महिना लागतो. रूटिंग पावडर लावा नाहीतर मध लावा, दोन दिवसांत कुठलीच मुळं फुटत नाहीत. म्हणून जुलैच्या अदलाबदलीची फांदी जूनच्या पहिल्या आठवड्यात लागलीच पाहिजे. नाही जमलं? मग नुसती फांदी आणा, ओल्या पेपरात गुंडाळून, वर "कटिंग आहे, मुळं नाहीत" असं लिहून. घेणारा खुशीने घेतो, त्याला काय करायचं ते कळतं. कुंडीत खोचून रोप म्हणून देणं मात्र फसवणूक आहे, स्पष्टच बोलते.

बाटलीत मुळं फुटवलेला मनी प्लांट ही वेगळी तऱ्हा. पाण्यात फुटलेली मुळं ठिसूळ असतात, मातीतल्या कामाला तयार नसतात, आणि सहा महिने बाटलीत ठेवलेल्या वेलाची तर फारच लाडावलेली. मुळं दोन-तीन इंच झाली की लगेच मातीत लावा आणि पहिले आठ-दहा दिवस माती ओलसर ठेवा, मग दुसऱ्याला द्या. किंवा बाटलीसकट द्या आणि सांगा की पाण्यातच वाढव.

ओढून बघितल्यावर घट्ट बसलंय, फक्त दुपारी मरगळतं आणि संध्याकाळी उठतं, तर ते नवीन जागी रुळतंय. सकाळच्या कोवळ्या उन्हात ठेवा, खत अजिबात नको. आठवड्याभरात बरं होतं.

कुंडीचं भोक

हसू नका. लोक श्रीखंडाच्या डब्यात, आइसक्रीमच्या डब्यात रोपं आणतात, मी पण आणते, पण भोकं पाडायला विसरतात किंवा एकच पाडतात आणि त्यावर चिखल बसतो. उदबत्तीची काडी खालून घालून बघा, अडली तर भोक बुजलंय. घरी फुकटातली सगळ्यात भारी कुंडी म्हणजे अर्ध्या लिटरची दुधाची पिशवी, धुऊन, खाली चार-पाच भोकं पाडून. ज्याला द्यायची त्याने फक्त फाडायची, हुंडी, म्हणजे मुळांभोवतीचा मातीचा गोळा, फुटत नाही, मुळं दुखावत नाहीत. प्लास्टिकच्या कुंडीतून रोप काढताना लोक बुंधा धरून खेचतात आणि निम्मी मुळं आतच राहतात, ते या पिशवीत होत नाही.

देणाऱ्याला दोन प्रश्न विचारा

एक, कुठे होतं हे झाड? दोन, या कुंडीत कधी लावलं? खालची पानं पिवळी पडणं आणि एका बाजूने करपणं, दोन्ही बहुतेक वेळा इथे सुटतं. घरात खिडकीपाशी वाढलेलं झाड नवीन मालकाने पश्चिमेच्या बाल्कनीत ठेवलं तर डिसेंबरच्या उन्हातसुद्धा पानं भाजतात. भाजलेलं पान परत हिरवं होत नाही, पण नवीन पानं चांगली येतात, तेव्हा झाड फेकू नका. उलट्या दिशेने, उन्हातलं झाड घरात आणलं की ते खालची पानं टाकून देतं, तेवढी पोसायला उजेडच नसतो त्याला.

उपाय देणाऱ्याच्या हातात जास्त आहे. सावलीतलं झाड द्यायच्या आधी दहा दिवस रोज थोडं थोडं बाहेर काढायचं, पहिल्या दिवशी तासभर. आणि चिठ्ठीवर "पूर्वेचं ऊन, दिवसाआड पाणी" एवढं लिहायचं. चिठ्ठी पेन्सिलने लिहा, मार्करची शाई उन्हापावसात उडते, आइसक्रीमच्या काडीवर पेन्सिलने लिहिलेलं माझ्याकडे दोन वर्षांपूर्वीचं अजून वाचता येतं. डिफेनबेकिया, कण्हेर असलं काही देत असाल तर "विषारी, लहान मुलं आणि मांजरांपासून लांब" हे मोठ्या अक्षरात.

फुलं आलेलं रोप टेबलावरून पहिलं उचललं जातं म्हणून लोक मुद्दाम फुलांसकट आणतात. नवीन मुळं धरायची का फुलं पोसायची, दोन्ही एकदम जमत नाही त्या बिचाऱ्याला. कळ्या खुडून आणा, फुलाचा फोटो मोबाइलवर दाखवा. मोठ्या पानांची कटिंग असेल तर पानं अर्धी कापली तरी चालतात, पाणी कमी उडतं.

पानामागे टॉर्च मारा

आता कीड. मोबाइलचा कॅमेरा झूम करून पानाची खालची बाजू आणि पानाचा देठ फांदीला जिथे चिकटतो ती खोबण बघा. कापसासारखं पांढरं असेल तर पिठ्या ढेकूण, ज्याला सगळे मिलीबग म्हणतात. बारीक जाळी आणि पानावर मोहरी सांडल्यासारखे फिके ठिपके म्हणजे लाल कोळी. कोवळ्या शेंड्यावर हिरवे-काळे दाणे बसलेत तर मावा. मुंग्यांची रांग दिसली तर ती पकडून वर जा, मुंग्या गोड चिकट द्रवासाठी मिलीबग आणि मावा सांभाळतात, रांग जिथे संपते तिथे कीड असणार म्हणजे असणारच.

हे का महत्त्वाचं, तर अदलाबदलीत झाडाबरोबर कीडही वाटली जाते. पपईवरचा मिलीबग आपल्या देशात पहिल्यांदा २००८ मध्ये कोइमतूरला सापडला आणि बघता बघता महाराष्ट्रातल्या पपईपर्यंत आला, शेवटी २०१० मध्ये त्याला खाणारे इवलेसे परजीवी किडे बाहेरून आणून सोडावे लागले. आपल्या पार्किंगमधली गोष्ट त्यामानाने छोटी, पण प्रकार तोच.

थोडेच असतील तर मेडिकलमधलं स्पिरिट, इअरबड, आणि एकेक टिपून काढायचे. जास्त असतील तर आधी नळाखाली धुवायचं, मग एक लिटर पाण्यात ५ मिली नीम तेल आणि अर्धा चमचा साधा लिक्विड साबण. आधी साबण आणि तेल घोटून घ्या, मग पाणी, नाहीतर तेल वर तरंगतं आणि पानं भाजतात. संध्याकाळी मारा, आधी एका पानावर ट्राय करून. आणि एकदा मारून थांबू नका, दर सात दिवसांनी असं तीनदा. पहिल्या फवाऱ्यात अंडी मरत नाहीत, पुढच्या आठवड्यात त्यातून पिल्लं निघतात, ती दुसऱ्या-तिसऱ्यात सापडतात. म्हणजे कीड लागलेलं झाड अदलाबदलीला न्यायचं तर किमान चार आठवडे आधी उपचार सुरू पाहिजेत. आदल्या रात्री नीम मारून आणलेलं झाड मी टेबलावर ठेवू देत नाही, यावरून एका वहिनींशी माझं वाजलंय पण आहे.

कुंडीतून बाहेर काढून मुळं बघा

इथपर्यंत काही सापडलं नाही आणि झाड नुसतं खुरटून बसलंय, तर हे करा. मला हे शिकवलं माझ्याच जास्वंदाने. डबल गुलाबी, छान पानं, वरून एक कीड नाही, तिची तीन रोपं मी अदलाबदलीत दिली. महिन्याने तिन्ही घरांतून एकच तक्रार, वाढत नाही. मग मी माझी मूळ कुंडी पेपरवर उलटी केली, बुडाला दोन थापट्या मारल्या, हुंडी अख्खी बाहेर आली आणि कुंडीच्या आतल्या भिंतीला पिठाचा हात पुसल्यासारखा पांढरा पट्टा. मुळांच्या बेचक्यात तांदळाच्या कणीएवढे पांढरे दाणे, आणि बारकाईने बघितलं तर एक कणी हळूहळू चालत होती. मुळांवरचा मिलीबग. वरून वर्षभर कळलं नव्हतं. तिन्ही घरी जाऊन मी ती रोपं परत आणली, एका काकूंनी तोपर्यंत त्याच कुंडीत शेवंती पण लावली होती, ती पण आणली.

तर बघायचं काय? मुळं पांढरट, कडक, ओल्या मातीचा वास, म्हणजे ठीक. तपकिरी, बोटाने साल निघून आत दोरा उरतो, नासका वास, म्हणजे सडलीत. सडलेली कापा, कात्री प्रत्येक झाडानंतर स्पिरिटने पुसा, कोरड्या मोकळ्या मातीत लावा. पांढरी पूड असेल तर सगळी माती काढा, मुळं वाहत्या पाण्यात धुवा, नवीन माती, धुतलेली कुंडी, जुनी माती कचऱ्यात, दुसऱ्या कुंडीत नाही. मुळं गोल गोल फिरून कुंडीचाच आकार झाला असेल तर बाहेरचा गुंता बोटांनी सैल करा.

नर्सरीच्या काळ्या पिशवीतून आलेल्या झाडांचं आणखी एक असतं. सोरतापवाडी, उरुळी कांचनकडून येणाऱ्या रोपांची हुंडी प्रवासात फुटू नये म्हणून चिकट मातीची असते, त्यांच्या दृष्टीने बरोबरच आहे. पण ती तशीच्या तशी आपण भुसभुशीत कोकोपीटमध्ये बसवतो आणि मग पाणी आजूबाजूने जातं, मधला गोळा एकतर दगड नाहीतर चिखल. बाहेरची थोडी माती हाताने मोकळी करून मगच लावा.

माती

हे सगळ्यात कटकटीचं म्हणून शेवटी. रोपांमागून रोपं जातायत, वेगवेगळ्या जातींची, आणि सगळ्यांना माती एकाच ढिगातली, तर दोष ढिगात आहे. उन्हाळ्यात ती ओली करून गच्चीवर पातळ पसरा, वरून पारदर्शक प्लास्टिक, कडा विटांनी दाबा, चार ते सहा आठवडे. एप्रिल-मेच्या पुण्याच्या उन्हात बरीचशी कीड, बुरशी, तणाचं बी मरतं. जुलैत हे होत नाही, ढगाळ असतं, तेव्हा सरळ माती बदला. चिलटं असतील तर पाणी कमी करा, वरची इंचभर माती सुकू द्या, पिवळे चिकट सापळे लावा, एवढ्यात भागतं.

मातीत साबुदाण्याएवढे पिवळट-पांढरे गोल दाणे पुंजक्याने सापडले तर ती खताची गोळी समजून सोडू नका, मोठ्या आफ्रिकन गोगलगायीची अंडी असू शकतात. १८४७ मध्ये कलकत्त्याच्या एका बागेत सोडलेली ही गोगलगाय आता सगळीकडे आहे, २०२२ च्या पावसाळ्यात लातूर, बीड, धाराशिवकडे हिने सोयाबीनची उगवती रोपं खाऊन टाकली आणि लोकांना दुबार पेरणी करावी लागली. अंडी आणि गोगलगाय दोन्ही हातमोजे घालून मिठाच्या पाण्यात, नुसत्या हाताने नाही. म्हणूनच सोनटक्का, लिली, हळद, कर्दळ यांचे कंद मी माती धुऊन पेपरात गुंडाळूनच देते, कुंडीची गरजच नसते त्यांना.

एक तक्रार मात्र कुठल्याच तपासणीत बसत नाही, "तुम्ही पिवळ्या कडेचा स्नेक प्लांट दिलात, नवीन फुटवे नुसते हिरवे आले." पान कापून लावलेल्या रोपाची पिवळी कड जातेच. कड हवी तर गड्डा फोडून फुटवा द्यावा लागतो.

आणायच्या दिवशी

आदल्या संध्याकाळी पाणी, सकाळी नाही, चिखल झालेली कुंडी वाटेत सांडते आणि हुंडी फुटते. आठवडाभर आधीपासून खत बंद. गाडीवरून आणत असाल तर पेपरचा कोन करून झाड आत घाला, बाणेरहून कोथरूडपर्यंतचा वारा कोवळी पानं पार सुकवतो, तो धक्का दोन दिवसांनी दिसतो आणि खापर मातीवर फुटतं. आणि नेणाऱ्यांनी, नवीन रोप पहिले तीन आठवडे बाकीच्या कुंड्यांपासून लांब, चक्क बाथरूमच्या खिडकीत ठेवलं तरी चालेल.

कधी थांबायचं

बुंधा काळा आणि मऊ झाला असेल तर थांबा. वरची निरोगी फांदी कापून नवीन लावता आली तर लावा, बाकी माती-मुळांसकट कचऱ्यात, कंपोस्टमध्ये नाही.

मुळांवर मण्यांसारख्या गाठी असतील, ज्या घासून निघत नाहीत, तर ते सूत्रकृमी, म्हणजे मुळांत शिरणारे डोळ्यांना न दिसणारे जंत. वांगी, टोमॅटो, तुळस यांवर हमखास. शेंगवर्गीय झाडांच्या मुळांवरही गाठी असतात पण त्या नखाने सुटतात आणि चांगल्या असतात, त्यांना घाबरू नका. सूत्रकृमी घरच्या उपायाने जात नाहीत, त्या कुंडीतलं काहीही कुणाला द्यायचं नाही. भेंडीच्या पानाच्या शिरा पिवळ्या पडून जाळं दिसतंय, मिरची-टोमॅटोची पानं चुरडून गोळा झालीत, हे बहुतेक वेळा विषाणूचं काम असतं, तसं असेल तर औषध नाही, उपटा.

तीन फवारे नीट मारून कीड तशीच, किंवा एकाच महिन्यात चार-पाच वेगवेगळी झाडं एकाच पद्धतीने गेली, तर कृषी सेवा केंद्रातून जहाल औषध आणून बंद बाल्कनीत मारायला जाऊ नका. ती शेतासाठीची असतात, तुमच्या बाल्कनीत कपडे वाळतात आणि खाली मुलं खेळतात. जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात दाखवा. पुण्यात असाल तर शिवाजीनगरच्या कृषी महाविद्यालयात कीटकशास्त्र आणि वनस्पती रोगशास्त्र असे दोन्ही विभाग आहेत, तिथे जाऊन विचारा. किसान कॉल सेंटरच्या १८००-१८०-१५५१ या फुकटच्या नंबरवर मराठीत बोलतात. दाखवायला नेताना मेलेलं झाड नेऊन उपयोग नाही, अर्धं आजारी असलेलं न्या, मुळांसकट, आजूबाजूची मूठभर माती घेऊन, पिशवीचं तोंड बांधून, आणि पाणी किती घालता, कधी लावलं, काय काय फवारलं हे कागदावर लिहून.